हॉकिन्सची भिंत, वडगावचा दिवा

कॅम्पात एक नवा कॅफे निघालाय. पुतणी पुण्याहून सुट्टीला आली की तिला अशा जागा बरोब्बर सापडतात. जन्म बेळगावात काढून मला त्यांचा पत्ता नसतो. आत शिरलं की डाव्या हाताला एक भिंत आहे. फुलाफुलांचा जुनाट वॉलपेपर, त्यावर काळ्या रंगाच्या घाईघाईच्या फटकाऱ्यांनी काढलेली ए पासून झेडपर्यंतची अक्षरं, आणि प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक रंगीत बल्ब. पोरंपोरी पाळीपाळीनं तिथं उभी राहत होती. एकीनं आर, यू आणि एन या अक्षरांवर क्रमानं बोट टेकवलं, डोळे विस्फारले, तोंडावर हात ठेवला. मैत्रिणीनं व्हिडिओ घेतला, तो दोघींनी बघितला, पसंत पडला नाही म्हणून परत केला. दुसऱ्या खेपेला भीती जास्त चांगली जमली. बाहेर पावसाची भुरभुर, आत कॉफीचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. पुतणीनं माझाही फोटो काढायचा हट्ट धरला. मी उठले नाही. का उठले नाही हे मला सांगता आलं नसतं आणि तिनंही विचारलं नाही. पण परतीच्या रिक्षात गोवावेस येईस्तोवर माझ्या डोळ्यांसमोर ती भिंतच होती.

धंद्यासाठी कुणी काय टांगलं याचा मला राग येत नाही. आमच्याकडं गणपतीत मंडळांनी हिमालयापासून चांद्रयानापर्यंत काय काय उभं केलेलं मी पाहिलंय, तेव्हा ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या अमेरिकी मालिकेतल्या हॉकिन्स गावचं एक घर कॅम्पात आलं तर बिघडलं कुठं? खुपत होतं ते वेगळंच. कॅफेतली भिंत देखणी होती. मालिकेतली भिंत देखणी नाही. एका बाईनं स्वतःच्या हातानं केलेली ती घराची नासाडी आहे.

म्हणून त्याच रात्री आम्ही वडगावच्या, म्हणजे बेळगावच्या विणकर वस्तीतल्या, जुन्या घरी ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ लावली.

पुतणीला मालिका पाठ आहे. १५ जुलै २०१६ ला पहिला सीझन आला तेव्हा ती शाळेत होती, आणि तिच्या वयाच्या पोरांनी ते आठ भाग कसे बघितले असतील ते मला ठाऊक आहे, कारण मीही रात्री जागून तसेच बघितले होते. तिला थेट तिसरा भाग लावायचा होता, ‘हॉली, जॉली’, तो भिंतीचा. मी म्हटलं, दुसऱ्यापासून लाव. काकू खाली बसून पावटे सोलत होती. तिला इंग्रजी कळत नाही, आणि टीव्हीवर काय चाललंय याच्याशी आपला संबंध नाही असा चेहरा करून सगळं बघायची तिची जुनी सवय आहे. पुतणी मधूनमधून सांगत होती: हा पोरगा हरवलाय गं आजी, सायकलवरून घरी येता येता. ही त्याची आई. हा थोरला भाऊ. बाप सोडून गेलाय. काकूनं ‘हं’ केलं. बाप सोडून गेलाय हे तिला सांगावं लागलं नसतं. घराच्या अवस्थेवरून तिनं ते ओळखलं होतं.

दुसऱ्या भागात एक छोटा प्रसंग आहे, तो मला पहिल्यांदा आठवतही नव्हता. जॉइस, म्हणजे विनोना रायडर, एका दुकानात काम करते. घरचा फोन वाजलाय, त्यात पोराच्या श्वासाचा आवाज आलाय आणि तडतड होऊन फोन जळून गेलाय. ती आपल्याच दुकानात जाते, नवा फोन घेते आणि मालकाला म्हणते, मला दोन आठवड्यांचा पगार आगाऊ द्या. मालक चांगला आहे पण कुरकुरतो. ती बधत नाही, रडत नाही, पैसे घेते, वर सिगारेटचं पाकीटही मागते. पुतणी हा भाग पुढं पळवणार होती, तेवढ्यात काकूनं विचारलं, ‘काय मागालीय ती?’ मी सांगितलं, उचल. काकूनं पावट्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं आणि तिथून पुढं ती उघडउघड मालिका बघायला लागली. वडगावात, शहापुरात ज्यांचं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं त्यांना उचल समजावून सांगावी लागत नाही. काकू लग्न होऊन आली तेव्हापासून सुताच्या कांड्या भरत होती आणि काका मालकाच्या मागावर बसत होते. लग्नाला उचल, बाळंतपणाला उचल, पावसाळ्याआधी कौलं परतायला उचल. एक फिटायची आत दुसरी उभी.

तिसऱ्या भागात जॉइसच्या ध्यानात येतं की घरातले दिवे उगीच लुकलुकत नाहीत. त्यात कुणीतरी आहे. ती नाताळच्या दिव्यांच्या माळा आणते, आणखी आणते, घरभर खिळे ठोकून लावते. शेजारीण मुलीला कडेवर घेऊन खाण्याचा डबा द्यायला येते आणि तिची नजर छतापासून जमिनीपर्यंत फिरते. इथं काकू म्हणाली, ‘डबा घेऊन आलीया, खरं बघायला आलीया ती.’ बाराशे पानांची समीक्षा लिहिली तरी त्या प्रसंगाविषयी याहून नेमकं काही लिहिता येईल असं मला वाटत नाही. मग जॉइस एका कोनाड्यात अंग चोरून बसते, मांडीवर दिव्यांची गुंतवळ. एकदा पेटलास तर हो, दोनदा पेटलास तर नाही, असं ती पोराला सांगते. जिवंत आहेस? एकदा. सुरक्षित आहेस? दोनदा. हो-नाहीनं पुढचं काही विचारता येईना, तेव्हा ती उठते आणि ब्रश घेऊन वॉलपेपरवर अक्षरं काढते. (आमच्या घरात ही वेळ आली असती तर मराठी काढायची की कन्नड यावरच भावाचं आणि पुतण्याचं जुंपलं असतं आणि पोरगं तिकडं भिंतीआड ताटकळलं असतं.) कुठं आहेस, या प्रश्नाला उत्तर येतं: इथंच. मी काय करू? पळ. आणि भिंत फुगायला लागते. पुतणी पहिल्यांदा बघितल्यासारखी उशीला बिलगली आणि म्हणाली, ‘लोकांना वाटणारच ना ही वेडी झालीय म्हणून.’

‘खुळी न्हवं ती,’ काकू म्हणाली. ‘हिशोब करालीय.’

मग तिनं आपणहून कोपऱ्यावरच्या मावशींची गोष्ट काढली. मावशींचा थोरला १९८६ च्या जूनमध्ये घरातून गेला. ते दिवस कसे होते हे इथल्या कुणाला सांगायला नको. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, गोळीबार, गेलेली माणसं, संचारबंदी. सीमाभागावर लिहायला बसलं की या मालिकेतल्या, एकावर एक पसरलेल्या दोन जगांचं रूपक हाताशी तयारच असतं; मी ते घेत नाही, कारण आमच्या गल्लीत कन्नड विणकरीण आणि माझी काकू एकाच नळावर भांडत आणि एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जात. पण त्या जूनमध्ये एखादा पोरगा रात्री घरी आला नाही तर लोकांच्या मनात काय काय येई, एवढं खरं. कुणी म्हणे हिंडलग्याच्या तुरुंगात असेल, कुणी म्हणे लांब बळ्ळारीला नेलंय. काही जण त्याहून वाईट बोलत, आणि बोलताना आवाज खाली आणत. मावशी एकटीच म्हणत होत्या की तो पळून गेलाय. त्यांचं म्हणणं असं की पेटीतला इस्त्रीचा शर्ट नाही आणि तांदळाच्या डब्यातले पैसे नाहीत. जीव द्यायला निघालेला किंवा दगड मारायला निघालेला इस्त्रीचा शर्ट कशाला नेईल? हे ऐकून लोक हळहळत आणि बाहेर आल्यावर एकमेकांकडं बघत. मावशींनी दारावरचा दिवा रात्रभर चालू ठेवायला सुरुवात केली. तो लहान, पंधराचा बल्ब मला आठवतो. पावसात त्याच्याभोवती पाखरांचा घोळका, खाली उंबऱ्यावर पंखांचा सडा, आणि येताजाता कुणी ना कुणी म्हणणार, बाई हातातनं गेली. मीटर सामाईक होता. घरमालक बिलावरून बोलायला आला, चार माणसं जमली. मला आठवणारी गोष्ट इथं संपते. काकूला आठवणारी इथून सुरू होते.

घरमालकाला मावशींनी आत नेऊन दाखवलं होतं की घरात दुसरा बल्बच नाही. चुलीजवळचा काढला होता, माजघरातला काढला होता. स्वयंपाक, जेवणं, कांड्या, सगळं रॉकेलच्या चिमणीवर. दिवसा उजेडात होईल तेवढं काम आणि मग अंधार. एक दिवा रात्रभर बाहेर जळायचा तर आत किती विझवायचे, हे त्यांनी आधीच मांडून ठेवलं होतं. बिल आधीपेक्षा एक पैसाही वाढलं नव्हतं. घरमालक काही न बोलता परत गेला. ‘आन् लोक म्हणायचे खुळी,’ काकू म्हणाली, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

विजेचा आणि विणकर गल्लीचा संबंध नुसता उजेडाचा नव्हता. करंट गेल्याचं आधी कानाला कळायचं. पॉवरलूमचा खडखडाट दिवसभर भिंतींतून, जमिनीतून, पाटावरच्या ताटातून येत असायचा. तो इतका सवयीचा की ऐकूच येत नसे. करंट गेला की शांतता धाडकन अंगावर यायची, आणि तिच्या मागून लांबलांबचे आवाज उलगडत: कुणाचं तरी रडणारं मूल, विहिरीचा रहाट, रुळांवरून जाणारी गाडी. दिवसा शांतता झाली तरी आम्ही पोरं ‘गेला, गेला’ म्हणून ओरडत बाहेर पडायचो. बॅटरीवरचा रेडिओ तेवढा चालू राही. काटा फिरवताना एकीकडं धारवाड, एकीकडं सांगली, आणि मधल्या पट्ट्यात खरखर. त्या खरखरीत कुणाचातरी आवाज असतो आणि तो आपल्याला ऐकू येण्याच्या बेतात असतो, असं मला वाटायचं. चौथ्या भागात शाळेतल्या हॅम रेडिओतून हरवलेल्या विलचा आवाज येतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला तो राक्षसामुळं नाही. त्या खरखरीची माझी ओळख जुनी होती.

आता यातली गंमत बघा. ज्या मॅट आणि रॉस डफर या जुळ्या भावांनी ही मालिका रचली त्यांचा जन्म फेब्रुवारी १९८४ चा. गोष्ट सुरू होते ६ नोव्हेंबर १९८३ ला. म्हणजे ज्या नोव्हेंबरच्या आठवणीनं त्यांनी साऱ्या जगाला व्याकूळ केलं त्या नोव्हेंबरात ते आईच्या पोटात होते. मालिकेतलं इंडियाना राज्यातलं हॉकिन्स हे गावही खरं नाही. चित्रीकरण झालं जॉर्जियात, अटलांटाच्या आसपास. त्यांची स्मृती सिनेमांतून, पुस्तकांतून, व्हिडिओ कॅसेटींतून आलेली, म्हणजे हातउसनी. मग माझी तर हातउसन्यावरची हातउसनी. आमच्याकडं तळघर नव्हतं, माळा होता आणि त्यावर घुशी होत्या. सायकल तासाच्या भाड्यानं मिळायची आणि वेळ संपायच्या आत परत करायची म्हणून जिवाच्या आकांतानं मारायची. वॉकीटॉकी म्हणजे कांडीचा दोरा आणि दोन काडेपेट्या. त्या मालिकेतली एकही वस्तू माझ्या घरात नव्हती. तरी ती लाल अक्षरांची नावं आणि खालून धडधडणारं सिंथेसायझरचं संगीत सुरू झालं की मला घर आठवतं, हे काय आहे?

मला वाटतं, वस्तूंचा त्यात काही भाग नाही. तेव्हा माणूस उंबऱ्याबाहेर पडलं की परत दिसेपर्यंत त्याचा ठावठिकाणाच नसायचा. मुलं खेळायला गेली म्हणजे गेली. काका सूत आणायला इचलकरंजीला गेले की रात्री येतील किंवा उद्या येतील. त्याला कुणी काळजी म्हणत नसे, तो दिवसाचाच भाग होता. पुतणी पुण्याहून निघाली की तिचा निळा ठिपका माझ्या फोनवर सातारा ओलांडतो, निपाणी ओलांडतो, आणि तो ठिपका दहा मिनिटं एका जागी थांबला की माझ्या पोटात गोळा येतो. हॉकिन्समधल्या आया जेवणाच्या वेळेपर्यंत निर्धास्त असतात. त्या निर्धास्तपणाचा मला हेवा वाटतो, आणि त्याच निर्धास्तपणानं विलला गिळलं हेही दिसतं. तो काळ गेला याचं वाईट वाटून घ्यावं की सुटलो म्हणावं, माझं अजून ठरत नाही. मावशींच्या पोराकडं फोन असता तर त्यांनी पहिल्याच रात्री त्याला शिव्या घालून परत आणला असता. आला तो तसाच, दोन पावसाळ्यांनंतर, म्हापशाच्या बसनं, मिशा वाढवून आणि हातात काजूची पुडी घेऊन. गोव्यात हॉटेलात भांडी घासत होता. मावशींनी आधी जेवायला वाढलं, त्याचं ताट उचललं, आणि मग लाटणं घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या मागं धावल्या. आता तो माझ्यापेक्षा जाड आहे आणि स्वतःच्या पोरांना शिस्तीवर व्याख्यानं देतो.

तिसऱ्या भागाच्या शेवटी दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यातून एक देह बाहेर काढतात. ती खाण अटलांटातली बेलवुड क्वारी. पुढं त्याच खड्ड्यात शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा केला. अशा खणी आमच्याकडंही आहेत, गावाबाहेर, पावसाळ्यानंतर हिरव्यागार पाण्यानं भरलेल्या, काठ सरळ तुटलेले. तिकडं जायचं नाही ही आयांची ताकीद, आणि तिकडंच जायचं हा पोरांचा बेत. पडद्यावर रात्र, गाड्यांचे लाल-निळे झोत, पोरं काठावर थिजलेली, आणि मागं ‘हीरोज’ हे गाणं पीटर गॅब्रिएलच्या थकलेल्या आवाजात. विलचा मित्र माइक सायकल टाकून घरी पळतो आणि आईच्या कुशीत शिरतो. मला हा प्रसंग दर वेळी रडवतो, पुतणीलाही. आम्ही दोघी नाकं पुसत होतो आणि काकू शांतपणे म्हणाली, ‘त्यो न्हाई त्यो.’

‘दाखवला की गं आत्ता.’

‘दिव्यातनं बोलला न्हवं का मगाशी? मग ह्यो कसला?’

पुतणी गालातल्या गालात हसली, कारण पुढच्याच भागात पोलीसप्रमुख हॉपर तो देह सुरीनं उघडतो आणि आतून कापूस निघतो हे तिला माहीत होतं. काकूला माहीत नव्हतं. डोळ्यांना दाखवलेला देह एका पारड्यात आणि बाईनं स्वतः पडताळून घेतलेलं उत्तर दुसऱ्यात. तिनं क्षणभरही न घुटमळता दुसरं खरं मानलं.

पुढचे सीझन मी बघितले, २०२५ च्या अखेरीस पाचवा आला आणि गोष्ट संपली. राक्षस मोठे झाले, रशियन आले, लढाया लांबल्या, प्रत्येक गोष्टीचं कारण कळलं. पुतणीला चौथा सीझन सगळ्यांत आवडतो आणि त्यावरून आमचं भांडण आहे. माझ्या लेखी त्या मालिकेची उंची तिसऱ्या भागातल्या त्या कोनाड्यातच आहे, जिथं हत्यार नाही, शक्ती नाही, कुणाचा विश्वास नाही. फक्त प्रश्न असा विचारायचा की एका दिव्याला त्याचं उत्तर देता यावं. कॅफेतल्या भिंतीवर मी का उभी राहिले नाही हे मला तेव्हा जरासं उमगलं, आणि त्या पोरींवरचा उरलासुरला रागही गेला. त्यांच्या गल्लीत मावशी नव्हत्या, एवढंच.

रात्र झाली होती. पुतणी चौथा भाग लावायला लागली. पावटे सोलून झाले होते, सालं पेपरात गुंडाळून काकू उठण्याच्या बेतात होती, पण उठेना.

‘ती उचल,’ ती म्हणाली. ‘दोन आठवड्यांची. फेडली काय तिनं?’

पुतणीनं रिमोट खाली ठेवला. पाच सीझन पाठ असलेली मुलगी, भिंतीकडं बघत आठवू लागली. मग म्हणाली, फेडताना काही दाखवलं नाही, पण दुसऱ्या सीझनमध्ये ती त्याच दुकानात कामाला आहे.

‘मग फेडली असंल,’ काकू म्हणाली. ‘न्हाईतर मालक ठेवून घेतोय व्हय?’ आणि मोरीकडं जाता जाता, ‘आन् फोनचं पैसं?’